मुंबईतील सदनिकेतून आकाशनिरीक्षण: पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?

मुलुंडकर

नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. गेल्या दिवाळीत आम्ही संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी गेलो असताना माझ्या आठवीतील कन्येने आयुष्यात प्रथमच आकाशगंगेचा पट्टा पाहिला आणि तेव्हापासून तिने दुर्बिणीचा ध्यास घेतला आहे. मलाही लहानपणी ही हौस होती, पण ती नक्षत्रे ओळखण्यापलीकडे गेली नाही.

आमच्या अडचणी अशा आहेत. सज्जा पूर्वेकडे उघडतो आणि त्याला लोखंडी ग्रिल आहे, परंतु तिचा एक भाग उघडता येतो. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असते आणि रात्री दहानंतर ती मिळत नाही. स्वतःची मोटार नाही, त्यामुळे शहराबाहेर जायचे तर लोकलनेच जावे लागेल. साधारण तीस हजार रुपये खर्च करण्याची माझी तयारी आहे.

आतापर्यंत तीन पर्याय पाहिले. पहिली एका दुकानातील ६० मिलिमीटर व्यासाची भिंगाची दुर्बीण, जिच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक छापलेले आहे. दुसरी ११४ मिलिमीटर व्यासाची आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जमते तेथपर्यंतचे अंतर) १००० मिलिमीटर, नळी मात्र आखूड, आणि तिला इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या गतीबरोबर वळवता येणारी बैठक) आहे. तिसरी ६ इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), जी आकाराने पाहूनच घरच्यांनी कपाळाला हात लावला. मुंबईच्या उजेडात यांपैकी कशाचा उपयोग होईल, की प्रकाश प्रदूषण कापणारा फिल्टर लावल्यावरच काही दिसेल, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

व्याध_ठाणे

आपण पर्याय नेमके सांगितल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. प्रथम त्या ५२५ चा उलगडा करतो. दुर्बिणीचे वर्धन म्हणजे तिच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागून येणारी संख्या. अशा दुर्बिणींचे नाभीय अंतर बहुधा ७०० मिलिमीटर असते. सोबतच्या ४ मिलिमीटर आयपीसने १७५ पट होतात आणि तिप्पट करणारे बार्लो भिंग मध्ये घातले की ५२५ ही संख्या कागदावर उतरते. संख्या खोटी नाही, उपयोग मात्र शून्य आहे. व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला जास्तीत जास्त दोन पट, हा सर्वसाधारण आडाखा धरला तर ६० मिलिमीटरच्या भिंगातून १२० पटींच्या पुढे नवीन तपशील दिसत नाही. प्रतिमा फक्त मोठी, अंधूक आणि थरथरती होते. त्यातच या दुर्बिणींची तिवई इतकी डळमळीत असते की फोकस करायला बोट लावताच चंद्र दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जातो. मुलांची हौस मारायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

दुसरा पर्याय अधिक फसवा आहे, कारण वरकरणी तो चांगला दिसतो. ११४ मिलिमीटर व्यास आणि १००० मिलिमीटर नाभीय अंतर, पण नळी जेमतेम अर्ध्या मीटरची, असे असेल तर समजावे की आत गोलीय आरसा आहे आणि फोकसरच्या नळीत एक भिंग बसवून नाभीय अंतर लांबवले आहे. ही रचना तत्त्वतः चुकीची नाही. पण स्वस्त दुर्बिणीत ती क्वचितच नीट साधलेली असते, प्रतिमा रेखीव होत नाही आणि आतल्या त्या भिंगामुळे आरशांची जुळणी करणे नवशिक्याला डोकेदुखी होते. तेवढ्याच व्यासाची ९०० मिलिमीटरची लांब नळी मिळत असेल तर ती डोळे झाकून घ्यावी. इक्वेटोरियल माउंटचे म्हणाल तर तिचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश असल्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून १९ अंशांवरच असतो आणि तो आपल्या पूर्वेकडच्या सज्ज्यातून दिसणारच नाही. होकायंत्र लावून अक्ष अदमासे उत्तरेला करता येतो आणि डोळ्यांनी पाहण्यापुरते तेवढे पुरते, पण मग त्या यंत्रणेचे वजन आणि पैसे कशासाठी सोसायचे?

राहिली ६ इंची डॉबसोनियन. व्यास १५० मिलिमीटर, नाभीय अंतर सहसा १२०० मिलिमीटर; २५ मिलिमीटरच्या आयपीसने ४८ पट आणि १० मिलिमीटरच्याने १२० पट. प्रकाश गोळा करण्याची शक्ती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती ६० मिलिमीटरपेक्षा सव्वासहा पट अधिक प्रकाश घेते. पाटावर ठेवलेल्या तोफेसारखी ती उजवीडावीकडे आणि वरखाली फिरते. तिच्यात शिकण्यासारखे काही नसते, हाच तिचा मोठा गुण आहे.

आता मुंबईच्या उजेडाविषयी. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या, आकाश किती उजळलेले आहे हे सांगणाऱ्या नऊ पायऱ्यांच्या मापात (नववी सर्वांत उजळ) आपले शहर आठव्या-नवव्या पायरीवर येते. नुसत्या डोळ्यांनी तिसऱ्या, फार तर चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक) आणि दीर्घिका, अंधूक तेजोमेघ यांचा येथे नाद सोडावा. फिल्टरची आशा धरू नका. जुने सोडियमचे पिवळे दिवे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश देत, त्यामुळे तो गाळता येई; आता रस्त्यांवर आलेल्या एलईडीचा प्रकाश सगळ्या वर्णपटात पसरलेला असतो, आणि ताऱ्यांचा प्रकाशही तसाच असल्याने गाळायचे काय आणि ठेवायचे काय, असा प्रश्न येतो. काही तेजोमेघांपुरता अरुंद पट्ट्याचा फिल्टर उपयोगी पडतो, पण ते नंतरचे पाहू.

चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना मात्र शहराच्या उजेडाने काही फरक पडत नाही, आणि येथे आपण भाग्यवान आहोत. १९ अंशांवर राहत असल्यामुळे वृषभ-मिथुनेत असलेला ग्रह मुंबईत जवळजवळ डोक्यावर येतो आणि धनु राशीतला, म्हणजे सर्वांत दक्षिणेकडचा ग्रहसुद्धा ४८ अंशांपर्यंत चढतो. तोच ग्रह लंडनच्या निरीक्षकाला क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर, दाट हवेच्या थरांतून पाहावा लागतो. आपल्या सज्ज्याचेही वाईट वाटून घेऊ नका. प्रतियुतीच्या दिवसांत, म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो तेव्हा, तो सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि तीन तासांत चाळीसेक अंश वर येतो, म्हणजे नऊ-साडेनऊला नेमका आपल्या ग्रिलच्या उघड्या भागासमोर असेल.

शनीबद्दल एक सावधगिरीची सूचना. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला अगदी कडेने दिसत होती आणि आता ती हळूहळू उघडत आहेत. २०३२ च्या सुमारास ती पूर्ण पसरलेली दिसतील. कन्येने पुस्तकातील चित्र मनात धरून पाहिले तर पहिल्या वर्षी तिचा थोडा हिरमोड होईल, म्हणून आधीच सांगून ठेवावे.

गिरगावकर

वरील सर्व तांत्रिक माहिती बिनचूक आहे, तरीही माझा सल्ला वेगळा आहे. मी स्वतः २०१४ मध्ये ८ इंची डॉबसोनियन घेतली. आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, आणि दुर्बीण आल्यावर दोन महिन्यांनी गच्चीच्या गळतीचे काम निघाले, ते दोन हिवाळे चालले. चार वर्षांत दुर्बीण सात वेळा बाहेर निघाली आणि नंतर ती माळ्यावर गेली. अखेर एका महाविद्यालयाच्या खगोल गटाला देऊन टाकली, तेव्हा घरात सर्वांना हायसे वाटले.

आपण प्रथम १० × ५० ची (दहा पट वर्धन, ५० मिलिमीटरची भिंगे) द्विनेत्री घ्यावी. गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, मृगातील तेजोमेघ, चंद्रावरील मोठी विवरे हे सारे तिच्यातून दिसते, फक्त कोपर कठड्यावर टेकवून हात स्थिर ठेवले पाहिजेत. पाच मिनिटांत ती गळ्यात अडकवून गच्चीवर जाता येते आणि सचिवांना कळायच्या आत परतही येता येते. तिवईला जोडण्याचा स्क्रू असलेलीच घ्यावी.

त्यानंतर पैसे खर्च करण्यापूर्वी एक रात्र वांगणीला काढावी. खगोल मंडळ तेथे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेते. ठाण्याहून कर्जतची लोकल पकडली की बदलापूरच्या पुढचे स्थानक. तेथे निरनिराळ्या व्यासांच्या दुर्बिणींतून एकच वस्तू पाहायला मिळते आणि आपल्याला काय हवे ते कन्या स्वतःच सांगेल. कल्याणचे आकाशमित्र मंडळही असे कार्यक्रम करते. दुकानातील विक्रेत्यापेक्षा रांगेत मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा सल्ला अधिक निरपेक्ष असतो.

आरसेघाशे

गिरगावकरांचा अनुभव खरा आहे, परंतु दोष दुर्बिणीचा नसून इमारतीचा आहे. मुलुंडकरांकडे लिफ्ट आहे की नाही, हे त्यांनी लिहिलेले नाही. आणि माझ्या मते आरशाच्या व्यासापेक्षाही तो मुद्दा महत्त्वाचा आहे. ६ इंची डॉबसोनियनचे एकूण वजन १५ किलोच्या आसपास असते, नळी आणि बैठक वेगळी होते, आणि नळी सव्वा मीटरच्या आत-बाहेर असते. सज्ज्याचा कठडा उंच असेल तर बैठक भक्कम चौरंगावर ठेवावी लागेल. प्लास्टिकच्या स्टुलावर कधीही ठेवू नये.

मी काही वर्षे आरसे घासण्याचा उद्योग केला आहे, त्यामुळे निगेविषयी थोडे लिहितो, कारण मुंबईत दुर्बिणीचा खरा शत्रू उजेड नसून हवा आहे. पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण बंदच राहते आणि त्याच काळात आयपीसच्या भिंगांवर बुरशी धरते. बुरशी एकदा काचेवरील लेपात उतरली की ती पुसून जात नाही. सर्व आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि पुड्या ओलसर झाल्या की तव्यावर मंद आचेवर शेकून पुन्हा वापराव्यात. नळीच्या दोन्ही टोकांना झाकण असावे, पण ओलसर नळी लगेच बंद करू नये. रात्रीचे दव पंख्याखाली वाळू द्यावे. डॉबसोनियनची बैठक भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची असते. तिच्या कडांवरचा कागदी पट्टा सुटला तर पहिल्याच पावसाळ्यात ती फुगते, म्हणून कडांना आधीच वॉर्निशचा हात द्यावा.

वातानुकूलित खोलीतून दुर्बीण थेट सज्ज्यात आणली तर गार आरशावर लगेच वाफ धरते आणि लोकांना वाटते की आरसा खराब निघाला. अर्धा तास साध्या खोलीत ठेवून मग बाहेर काढावी. उलट बाजूने पाहिले तर आपल्याकडे दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसल्यामुळे आरसा बाहेरच्या हवेशी लवकर जुळतो. पुण्या-नाशिकच्या मंडळींना त्यासाठी अधिक वेळ थांबावे लागते. गच्चीवर मात्र दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि ग्रहाची कड पाण्याखालच्या नाण्यासारखी हलते. सचिव दहाला किल्ली परत मागत असतील तर ग्रहांसाठी सज्जाच बरा, हे आपोआप ठरते.

आरशावर धूळ दिसली की फडके मारण्याचा मोह होतो, तो आवरावा. काचेवरचा अॅल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. धुळीने प्रतिमेचे फारसे बिघडत नाही, ओरखड्यांनी बिघडते. वर्षा-दोन वर्षांतून एकदा ऊर्ध्वपातित पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब आणि ओला कापूस स्वतःच्या वजनाने सरकवणे, एवढेच करावे. समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या आरशांवर खाऱ्या हवेने ठिपके लवकर पडतात. मुलुंडला तो त्रास कमी असावा. आरशांची जुळणी कशी आहे हे पाहायचे तर एखादा ठळक तारा मध्यभागी आणून फोकस थोडा बिघडवावा. प्रकाशाची वर्तुळे एककेंद्री दिसली तर जुळणी ठीक, एका बाजूला ओढलेली दिसली तर मागचे स्क्रू थोडे-थोडे फिरवायचे. हे काम पहिल्यांदा कोणाकडून तरी शिकून घ्यावे. नंतर ते तानपुरा लावण्याइतकेच सवयीचे होते.

जाता जाता, ज्यांच्या नावाने ही दुर्बीण ओळखली जाते ते जॉन डॉबसन (१९१५–२०१४) १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ संन्यासी म्हणून राहिले. जहाजाच्या खिडकीच्या काचा घासून, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवून त्यांनी दुर्बिणी केल्या आणि त्या रस्त्याच्या कडेला मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवले. मठाबाहेर राहून दुर्बिणी करण्यात वेळ जातो म्हणून १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. आणि मुंबईने तर आपली वेधशाळाच विजेमुळे बाहेर पाठवली आहे: कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, पण ट्राम विजेवर चालणार हे ठरल्यावर तिची चुंबकीय निरीक्षणे बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवण्यात आले. प्रश्न तेथे चुंबकसूचीचा होता, ताऱ्यांचा नव्हे, तरी आपण दिव्यांबद्दल कुरकुरतो तेव्हा मला तो प्रसंग आठवतो.

अरुंधती_विलेपार्ले

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि गेली अनेक वर्षे पार्ल्याच्या गच्चीवरून निरीक्षण करते. दुर्बीण कोणती, यावर वरती पुरेसे लिहिले गेले आहे. घेतल्यावर रोज काय पाहायचे, हे ठरलेले नसेल तर कोणतीही दुर्बीण माळ्यावर जाते.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेपेक्षा वेगळे साधन सुरुवातीला लागत नाही. चंद्र पौर्णिमेला पाहू नये. त्या दिवशी सूर्यप्रकाश समोरून पडल्यामुळे सावल्या नसतात आणि चंद्र नुसता झगझगतो. शुद्ध सप्तमीपासून दशमीपर्यंत प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात. अष्टमी-नवमीच्या सुमारास ‘सरळ भिंत’ नावाचा सुमारे ११० किलोमीटर लांबीचा कडा काळ्या रेघेसारखा दिसतो आणि त्यानंतर ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर उजळते. एकाच विवराचे चार दिवस ओळीने चित्र काढायला मुलीला सांगा. छायाचित्रापेक्षा पेन्सिलीने डोळा लवकर तयार होतो, असे माझे अनुभवाचे मत आहे. मोबाइल आयपीसला लावून चंद्राचे छायाचित्र खुशाल काढावे, पण चित्र झाल्यावर.

अंधूक वस्तूंसाठी संकष्टी लक्षात ठेवावी. उपास सोडण्यासाठी दिनदर्शिकेत मुंबईची चंद्रोदयाची वेळ छापलेलीच असते, आणि ती साधारण नऊच्या आसपास असते. सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासाने संधिप्रकाश संपतो. तेव्हापासून चंद्रोदयापर्यंतचा तास-दीड तास आपला. त्यानंतर चंद्र उगवला की घरात मोदक तयार असतात, ही सोयही काही कमी नाही. रात्रभरासाठी बाहेर जायचे असेल तर अर्थातच अमावास्येलगतचा शनिवार पाहावा.

जोडताऱ्यांचा छंद मुंबईसाठीच जणू जन्मला आहे. सप्तर्षीतील वसिष्ठ-अरुंधती नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात, पण दुर्बिणीतून पाहिल्यावर वसिष्ठाच्या अगदी शेजारी, १४ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), आणखी एक तारा असल्याचे दिसते. हंसाच्या चोचीतील अल्बिरिओ सोनेरी आणि निळसर असा दुरंगी आहे, दोघांमधील अंतर ३५ विकला. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतूनही तो सुटा होतो. त्यानंतर देवयानीतील अल्माक, मग पुनर्वसूतील कॅस्टर, आणि हे साधले की सिंहेतील अल्जीबा. प्रत्येक जोडीबरोबर अंतर कमी होत जाते आणि हवा किती स्थिर आहे हे त्यावरून समजू लागते.

रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांना तर दुर्बीणही लागत नाही. ययातीतील अलगॉल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधूक जोडीदार त्याच्या समोरून जातो, २.१ प्रतीचा तारा ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढतो, हा सारा प्रकार सुमारे दहा तासांचा. एरवी तो शेजारच्या अल्माकएवढाच तेजस्वी असतो. हिवाळ्यात एखाद्या रात्री तो अल्माकपेक्षा स्पष्टपणे फिका दिसला, तर आपण नेमके ग्रहणात त्याला गाठले, असे समजावे. २०१९ च्या अखेरीस मृगातील काक्षी (बीटलज्यूस) मंदावला, तेव्हा आमच्या गच्चीवर रोज त्याची रोहिणीशी तुलना चाले.

वांगणीला जाल तेव्हा मात्र हे सगळे विसरून दक्षिणेकडे पाहा. एप्रिल-मेच्या रात्री त्रिशंकू तेथे ११-१२ अंशांवर उभा असतो आणि नरतुरंगातील ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ २३ अंशांपर्यंत चढतो; उत्तरेकडील देशांतील हौशी निरीक्षकांना तो दिसतच नाही. टॉर्चला लाल पतंगी कागदाचे तीन-चार थर लावून न्यावे, कारण अंधाराला सरावलेला डोळा पांढऱ्या उजेडाने एका क्षणात बिघडतो आणि पुन्हा सरावायला २०–३० मिनिटे घेतो. डास आणि दव यांचा बंदोबस्त वेगळा सांगायला नको.

मुलुंडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लिफ्ट आहे, आणि ती सातव्या मजल्यापर्यंत जाते. त्यावरचा एक जिना नळी खांद्यावर घेऊन चढता येईल. आमचे असे ठरले आहे की सध्या १० × ५० ची द्विनेत्री घ्यायची, पुढच्या अमावास्येलगत वांगणीला जायचे, आणि तरीही मुलीचा उत्साह टिकला तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, ६ इंची डॉबसोनियन आणायची. म्हणजे तिचे पहिले चार महिने कपाटात जाणार नाहीत. ५२५ पटींच्या दुकानदाराला मी काल ७०० भागिले ४ गुणिले ३ करून दाखवले. त्याने शांतपणे मला ६७५ पटींचे खोके दाखवले.

एक शेवटची शंका. सज्जा पूर्वेकडे असल्याने सकाळचे ऊन थेट येते. तेथून सूर्यावरचे डाग पाहता येतील का? त्या ६० मिलिमीटरच्या खोक्यात आयपीसला लावायची गडद काच मिळते, असे दुकानदार म्हणाला.

व्याध_ठाणे

ती काच कोणाच्याही हाती लागू नये म्हणून फेकूनच द्यावी. आयपीसजवळ सगळी उष्णता एकवटते, काच तडकते, आणि डोळा मागे घ्यायला तेवढा वेळ मिळत नाही. सूर्यासाठीचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्यापूर्वी बसवायचा असतो. खास सौर फिल्म मिळते, जी सूर्यप्रकाशाचा लाखावा भाग तेवढा आत सोडते. ती घट्ट बसवावी, वाऱ्याने उडणार नाही याची खात्री करावी, प्रत्येक वेळी उजेडासमोर धरून तिला टाचणीएवढे भोक पडलेले नाही ना हे तपासावे, आणि शोधक दुर्बीण (नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) काढून ठेवावी. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच वगैरे काही वापरू नये. एवढे पाळले तर सज्ज्यातून रोज सकाळी डागांची नोंद ठेवता येईल, आणि दिवसा प्रकाश प्रदूषणाची तक्रार नसते.

आणखी एक, जे पूर्वेकडचा सज्जा असणाऱ्यांना मुद्दाम सांगावे लागते. डॉबसोनियन रात्री तेथेच उघडी ठेवून झोपू नका. सकाळी सूर्य नळीच्या रोखाने आला तर आरसा त्याचे किरण एकवटतो आणि समोर टॉवेल असो की पडदा, तो पेटू शकतो. निरीक्षण संपताच झाकण लावावे आणि नळी पश्चिमेकडे, म्हणजे घराच्या भिंतीकडे वळवून ठेवावी.

मुलुंडकर

समजले. झाकणाला दोरी बांधून ती बैठकीला अडकवून ठेवतो, म्हणजे ते हरवणारही नाही.